तर्क कोणाचा?

“तुमचे लॉजिक वेगळे, माझे लॉजिक वेगळे,” असे म्हणून वाद मिटवण्याची एक सोय अलीकडे आपल्याला सापडली आहे. एस. टी.च्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या खोलीत हे वाक्य मी पुष्कळदा ऐकले आहे. वाक्य दिसायला नम्र आहे. दुसऱ्याला त्यात जागा करून दिल्यासारखे वाटते. परंतु बोलणाऱ्यापाशी उत्तर उरलेले नसते, नेमके तेव्हाच ते बहुधा उच्चारले जाते. म्हणून प्रश्न पडतो. एकाला कारले आवडते आणि दुसऱ्याला आवडत नाही, तसा तर्क ज्याचा त्याचा आहे, की दोन आणि दोन चार याप्रमाणे तो कोणाच्याच मालकीचा नाही?

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलेलो नाही. तत्त्वज्ञानाच्या पंडितांत जाऊन बसावे असा माझा अधिकार नाही. पण हा प्रश्न माझ्या दोन्ही उद्योगांच्या मुळाशी बसलेला आहे, आणि दोन्हीकडून मला निरनिराळी उत्तरे मिळतात. कादंबरी लिहिताना मी प्रत्येक पात्राला त्याचा त्याचा तर्क देतो. सावकाराचा वेगळा, त्याच्या सुनेचा वेगळा. तो दिला नाही तर पात्र उभेच राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी फळ्यापुढे उभा राहतो आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवतो. तिथे सावकाराच्या मुलाचा त्रिकोण वेगळा आणि गड्याच्या मुलाचा वेगळा, असे मला म्हणता येत नाही.

आपल्या भाषेनेही या बाबतीत घोळ घालून ठेवला आहे. “माझा तर्क खरा ठरला,” असे आपण म्हणतो तेव्हा तर्क म्हणजे अंदाज. “हे तर्काला धरून नाही,” म्हणतो तेव्हा तर्क म्हणजे नियम. एकच शब्द, पण पहिल्या वेळी तो माझ्या डोक्यातला असतो आणि दुसऱ्या वेळी माझ्या डोक्यावर बसलेला असतो.

या दोन अर्थांतले अंतर मला एका दहा वर्षांच्या मुलाने शिकवले. ती हकिगत माझ्या मोठेपणाची नाही, म्हणूनच सांगतो.

नोकरीला लागून मला दुसरे वर्ष होते. वर्गाच्या सहलीचे पैसे मी मुलांकडून गोळा केले होते. मधल्या सुट्टीनंतर टेबलाच्या खणात पाहतो तर पैसे नाहीत. एक मुलगा सुट्टीत खेळायला न जाता वर्गातच बसून राहिला होता. घरची गरिबी, अंगात फाटका सदरा, सहलीचे पैसे न दिलेल्या तिघांपैकी तो एक. माझा तर्क तिथल्या तिथे पुरा झाला. मी त्याला उभे केले आणि म्हणालो, “सुट्टीत वर्गात तूच होतास. पैसे तूच घेतलेस.”

तो रडला नाही. क्षणभर विचार करून म्हणाला, “गुरुजी, वर्गात होतो म्हणून मी चोर, तर तुम्हीबी वर्गात होतासा की.”

ते खरे होते. सुट्टीतली पहिली दहा मिनिटे मी वह्या तपासत तिथेच बसलो होतो. मी काय केले? “उलट बोलतोस?” म्हणून त्याचा कान पिळला. बळी तो कान पिळी ही म्हण मी त्याच वर्गाला महिन्यापूर्वी शिकवली होती.

आठ दिवसांनी पैसे सापडले. हजेरीपटाला घातलेल्या खाकी कव्हराच्या आत, पाकिटात, माझ्याच हाताने ठेवलेले. “पैसे सापडले” एवढेच मी वर्गात सांगितले. त्या मुलाकडे पाहण्याचे टाळले.

पुढे पुष्कळ वर्षांनी एका निवृत्त संस्कृत शिक्षकांच्या ओसरीवर बसून मी अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ थोडाफार समजून घेतला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, जसा स्वयंपाकघरात. हे उदाहरण ऐकलेले होते. नवे कळले ते असे की, अनुमानाचे न्यायशास्त्राने दोन प्रकार केले आहेत. स्वतः धूर पाहून स्वतःशी अग्नी ओळखणे हे स्वार्थानुमान. तेच दुसऱ्याला पटवायचे तर ते परार्थानुमान, आणि तिथे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय व निगमन अशी पाच वाक्ये क्रमाने मांडावी लागतात. त्यातल्या उदाहरणाबद्दल गौतमाची अट तर मला फार मोलाची वाटली. दृष्टान्त असा हवा की, ज्याविषयी सामान्य माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखीच चालते. म्हणजे पंडिताला पटणारे आणि गुराख्याला न पटणारे उदाहरण बादच.

आणि मग दोषांच्या यादीत मला माझा दोष सापडला. दिलेले कारण जिथे साध्य नाही तिथेही आढळत असेल, तर त्या हेतूला सव्यभिचार म्हणतात. ‘वर्गात असणे’ हे कारण चोराच्या ठिकाणी असेल, पण ते माझ्याही ठिकाणी होते, आणि मी तर चोर नव्हतो! दहा वर्षांच्या त्या मुलाने हा शब्द कधी ऐकला नव्हता. कोणी शिकवले नव्हते, पाठीशी कोणी नव्हते. तरी त्याने माझ्या अनुमानातल्या नेमक्या त्या सांध्यावर बोट ठेवले, जिथे ते निखळत होते.

तर्क जर ज्याचा त्याचा असता, तर त्याचे वाक्य मला लागायला नको होते. मूर्ख बोलणे ऐकून माणूस हसतो. मी हसलो नाही, चिडलो. कारण ते बरोबर आहे हे मला त्या क्षणीच कळले होते. माझा राग हीच माझी कबुली होती. जी गोष्ट माझ्या इच्छेविरुद्ध, माझ्या पदाविरुद्ध, माझ्याच मनात शिरून मला खोटे पाडते, ती माझ्या मनाने निर्माण केलेली कशी असेल?

जर्मनीत येना येथे गोटलोब फ्रेगे नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. तर्काचे नियम म्हणजे माणसाच्या मनाच्या सवयी, असे म्हणणाऱ्यांवर त्यांनी कडाडून हल्ला केला. माणसे कसा विचार करतात हा एक प्रश्न आणि कसा केला तर तो बरोबर ठरतो हा दुसरा, असे त्यांचे म्हणणे. सगळे अंकगणित शुद्ध तर्काच्या पायावर उभे करायचा त्यांनी ध्यास घेतला होता. त्या ग्रंथाचा पहिला खंड १८९३ साली निघाला. दुसरा छापखान्यात असताना, जून १९०२ मध्ये, इंग्लंडहून बर्ट्रांड रसेल या तीस वर्षांच्या माणसाचे पत्र आले. जे समूह स्वतःचेच घटक नाहीत, अशा सर्व समूहांचा एक समूह केला, तर तो स्वतःचा घटक आहे की नाही? आहे म्हणावे तर नाही ठरतो, नाही म्हणावे तर आहे ठरतो. फ्रेगे यांच्या मूळ नियमांतूनच ही विसंगती निघत होती. वर्षानुवर्षांची इमारत एका पत्राने हलली.

फ्रेगे यांचे वय तेव्हा त्रेपन्न. “हे तुमचे लॉजिक, माझे वेगळे,” असे त्यांना लिहिता आले असते. त्यांनी आठवड्याच्या आत उत्तर पाठवले आणि आघात मान्य केला. १९०३ साली दुसरा खंड निघाला तेव्हा पुरवणी जोडून ती चूक जगापुढे मांडली. तर्क मनाच्या मर्जीवर नाही असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला तो स्वतःवर चालवून दाखवावा लागला, आणि त्याने तो चालवला. ही हकिगत मी वाचली तेव्हा मला हजेरीपटाचे कव्हर आठवले.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही टाळता येत नाही. तर्क एकच असता तर विद्वानांनी अनेक तर्कपद्धती कशा काढल्या? हॉलंडच्या ब्रौवर यांनी १९०८ साली, एखादे विधान खरे तरी असते किंवा खोटे तरी, या जुन्या नियमाच्या सरसकट वापरावर शंका घेतली. पोलंडच्या लुकासिएविच यांनी १९२० साली खरे आणि खोटे यांखेरीज तिसरे मूल्य मांडले. पण त्यांनी ते कसे केले ते पाहावे. “मला असे वाटते” म्हणून ते थांबले नाहीत. जुना नियम कुठे अडतो याची कारणे त्यांनी दिली, आणि ती कोणालाही तपासता येतील अशी दिली. तर्काचा एखादा नियम सोडायचा तरी तर्कानेच परवानगी घ्यावी लागते!

आणि अडाणी माणसाचा तर्क वेगळा असतो, या समजुतीचे काय? १९३१-३२ साली लुरिया हे रशियन मानसशास्त्रज्ञ उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना प्रश्न विचारत हिंडले. उत्तरेकडे, जिथे बर्फ असते तिथे, सगळी अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या उत्तरेकडे आहे. तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? पुष्कळांनी सांगितले की, आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्या गोष्टीविषयी आम्ही बोलत नाही. ज्याने पाहिले असेल त्याला विचारा. यावरून या माणसांना तर्क येत नाही असे कोणालाही वाटेल. मला तसे वाटत नाही. न पाहिलेल्याविषयी मी सांगत नाही. हे मी पाहिलेले नाही. म्हणून मी सांगत नाही. हे अनुमान नव्हे तर काय? त्यांनी परक्या माणसाचे पहिले वाक्य स्वीकारले नाही, इतकेच. सांधा त्यांचाही तोच होता.

मला वाटते, सारा घोळ इथेच सुटतो. कोणत्या वाक्यापासून निघायचे, काय आधी डोळ्यात भरते आणि काय दिसूनही दिसत नाही, हे ज्याचे त्याचे असते. तिथे आपली जात, भीती, गरिबी, लोभ ही सारी हजर असतात. फाटका सदरा माझ्या डोळ्यात भरला आणि खुर्चीवर बसलेला मी मला दिसलो नाही, तो दोष माझा, तर्काचा नव्हे. कादंबरीतला सावकार आणि त्याची सून निराळ्या वाटेने जातात, कारण ती निराळ्या ठिकाणाहून निघतात. पण एकदा निघाल्यावर वाक्यातून वाक्य निघते की नाही, हे ना सावकाराच्या हाती आहे ना सुनेच्या. माझ्याही नाही, मी फक्त लिहितो.

म्हणून “ज्याचे त्याचे लॉजिक” हे वाक्य मला उदार वाटत नाही. तर्क ज्याचा त्याचा ठरला, तर दोन तर्कांत निवाडा कोण करणार? ज्याच्या हातात छडी आहे तो. पैसा, पद, संख्या यांपैकी काहीच ज्याच्यापाशी नाही, त्याला समर्थापुढे उभे राहायला एकच जागा असते. जे समर्थालाही नाकारता येत नाही असे वाक्य. ती जागा काढून घेतली की त्याचा कान पिळायला आपण मोकळे. आपल्या पूर्वजांनी तर्काच्या शास्त्राला न्याय हे नाव दिले. त्यांच्या मनात कचेरीतला न्याय नसेल. तरी त्या एका शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, हे मला योग्यच वाटते.

गेल्या वर्षी तो मुलगा मला बाजाराच्या दिवशी भेटला. आता त्याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे. चहा घेताना मी त्याला ती सारी गोष्ट सांगितली आणि उशिरा का होईना, क्षमा मागितली. तो संकोचून हसला. म्हणाला, “कान पिळल्याला ध्यानात हाय गुरुजी. पण मी काय बोललो ते नाही आठवत.”

त्याला आठवत नाही. माझ्यावाचून ते कोणालाच आठवत नसेल. तरी ते वाक्य त्या दिवशी जितके बरोबर होते तितकेच आजही आहे.