ससा, गिनीपिग आणि सैल गाठ

घरात लहान मूल असलं आणि कुत्रं पाळायला सोसायटीची नाहीतर आजीची हरकत असली, की बोलणं सशावर येतं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला पाळीव प्राण्यांच्या दुकानांत ससे आणि गिनीपिग दोन्ही मिळतात. कोणता जास्त गोंडस, कोणता स्वस्त, कोणाचा वास कमी, एवढं विचारलं जातं आणि निवड काही मिनिटांत उरकते. तिच्यात एक जुना धार्मिक प्रश्न आहे, आणि जैन आचार्यांनी तो फार नेमका मांडून ठेवला आहे.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, गृहस्थाच्या अहिंसाव्रताला डाग लावणारे पाच अतिचार सांगितले आहेत. मारणं, शरीर कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं हे चार कुणालाही पटतील. पण यादीत सगळ्यांत आधी येतो तो बंध, म्हणजे बांधून किंवा कोंडून ठेवणं. हा नियम गाईबैल बाळगणाऱ्या संसारी माणसासाठी आहे, त्यामुळे टीकाकारांनी त्याला व्यवहाराची जोड दिली. कारण असेल तर बांधावं, पण गाठ सैल असावी. आग लागली तर जनावराला सुटता आलं पाहिजे.

आता ससा घ्या. आपल्या माळरानावरचा ससा वेगळा; तो एकटा राहतो, बीळ खणत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याला घरी ठेवताही येत नाही. दुकानातला ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, जमिनीखाली बिळांची वसाहत करून टोळीनं राहणारा. धावणं, खणणं, मागच्या पायांवर उभं राहून कानोसा घेणं हे त्याचं रोजचं जगणं. ब्रिटनमधल्या सशांच्या कल्याणासाठी काम करणाऱ्या संस्थेनं दोन सशांसाठी किमान तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि एक मीटर उंच जागा सांगितली आहे. मुंबईतल्या कितीतरी घरांत स्वयंपाकघरही एवढं नसतं. आणि हा जीव आठ-दहा वर्षं जगतो.

मुलांना तो उचलून घ्यायचा असतो. सशाच्या लेखी जमिनीवरून उचललं जाणं म्हणजे शिकाऱ्याच्या तावडीत सापडणं. तो कान मागे दाबतो, डोळे विस्फारतो आणि थिजून जातो. मूल आनंदानं सांगतं, बघ आई, किती शांत बसलाय! नाहीतर तो मागच्या पायांनी एवढी जोरात लाथ झाडतो की त्या हिसक्यानं त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

गिनीपिगचं कूळ अँडीज पर्वतातलं. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवलं ते खाण्यासाठी, आणि पेरूमध्ये तो आजही खातात. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस झापाता या चित्रकारानं अठराव्या शतकात रंगवलेलं येशूच्या अखेरच्या भोजनाचं चित्र आहे. मधल्या ताटात भाजलेला गिनीपिग आहे असं मानतात. एकाच प्राण्याला एका खंडात पवित्र भोजनात जागा मिळते आणि दुसऱ्या खंडात मुलाच्या मांडीवर. त्याला सशासारख्या लांब उड्या मारायच्या नसतात. फ्रिजचं दार उघडलं किंवा कोथिंबिरीची पिशवी वाजली की तो बारीक शीळ घालून घर डोक्यावर घेतो. भीती वाटली की थिजतो मात्र तोही.

अन्नपाणी तोडण्याचा दोष भरल्या वाटीनंही लागू शकतो. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. १९०७ मध्ये होल्स्ट आणि फ्रॉलिक या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी त्याला नुसत्या धान्यावर ठेवलं, तेव्हा त्याला स्कर्व्ही झाली. रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर, कधी पेरूची फोड मिळाली नाही, तर तो खात-पीत असूनही हळूहळू झिजत जातो. सशाचे दात आयुष्यभर वाढतात आणि ते झिजवायला पोटभर वाळलेलं गवत लागतं. चित्रांमध्ये पाहून त्याला गाजरावर ठेवणारी घरं मायेपोटीच त्याचं खाणं अवघड करत असतात.

खरा पेच पुढे आहे. दोन्ही प्राणी सोबतीनं राहणारे. स्वित्झर्लंडनं २००८ मध्ये प्राणिसंरक्षणाचे नियम नव्यानं केले, तेव्हा गिनीपिग एकटा ठेवायला मनाई केली. एकटेपण हाही बंधच आहे, हे तिथल्या कायद्यानं आपल्या भाषेत मान्य केलं. पण सशांची जोडी सुखानं नांदायची तर दोघांचीही नसबंदी करावी लागते, नाहीतर महिन्या-महिन्याला पिल्लं होतात किंवा हद्दीवरून रक्त निघेपर्यंत भांडणं. मादीची शस्त्रक्रिया केली नाही तर वयानुसार गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढत जातो. म्हणजे एकटेपणातून सोडवायचं तर शरीर कापायचं. एक अतिचार टाळायला दुसरा पत्करायचा. जीव वाचवण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आणि क्रूरतेनं केलेला छेद एकच नव्हे, हे खरं. तरी ज्या प्राण्याला आपण हौसेनं आणलं, त्याच्यावर ही वेळ आपण आणली, हेही खरं. गिनीपिगच्या दोन माद्या मात्र बहुधा शस्त्रक्रियेशिवाय एकत्र राहतात.

पालक म्हणतात, मुलांना जबाबदारी कळावी म्हणून प्राणी आणायचा. जर्मन तत्त्वज्ञ कांट यांचं म्हणणं याच वळणाचं होतं: जनावराशी क्रूर वागणारा माणसांशीही कठोर होतो, म्हणून जनावरांशी दयेनं वागावं. यात जनावराचं स्वतःचं सुखदुःख हिशेबातच येत नाही. ते मुलाच्या शाळेचं साहित्य होऊन बसतं. जैनांची मेघकुमाराची कथा याच्या पार पलीकडे जाते. राजपुत्र मेघकुमार मागच्या जन्मी हत्ती होता. वणव्यातून वाचायला सगळी जनावरं एका मोकळ्या जागेत दाटीनं उभी होती. हत्तीनं अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत एक ससा शिरला. हत्तीनं अडीच दिवस पाय खाली टेकवला नाही. वणवा शमला, ससा निघून गेला, आणि बधिर झालेल्या पायानं हत्ती कोसळला. त्यानं सशाला कवटाळलं नव्हतं, आपलं म्हटलं नव्हतं. जागा दिली आणि जाऊ दिलं. फ्लॅटमधल्या कुटुंबाला एवढं झेपणार नाही, पण दिशा हीच आहे.

म्हणून दोन खोल्यांच्या घरात ससा आणू नये. अंगण आहे, उन्हाळ्यात गारवा ठेवता येतो, सशांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर जवळ आहे, अशा घरानं सशांच्या जोडीचा विचार करावा. बाकीच्यांनी गिनीपिगच्या दोन माद्या, त्याही जमिनीवरच्या ऐसपैस कुंपणात, लपायला दोन खोकी ठेवून. ससा आणि गिनीपिग एकत्र ठेवणं हा मधला मार्ग नव्हे. सशाच्या लाथेनं गिनीपिग जायबंदी होतो आणि दोघांचा आहारही वेगळा.

एवढं करूनही दोघींतली एक आधी जाणारच. उरलेलीसाठी नवी आणली, तर पुढे ती एकटी पडते आणि ही साखळी संपत नाही. स्वित्झर्लंडमध्ये अशा वेळी गिनीपिग सोबतीला उसना मिळण्याची सोय निघाली. आपल्याकडे ओळखीच्या दोन-तीन घरांना ती आपसात करता येते, मात्र प्राणी आणण्याआधीच ठरवून. उरलेलीला दुसऱ्या घरच्या माद्यांमध्ये एकदम सोडायचं नाही. आधी काही दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकींचा वास ओळखीचा होऊ द्यायचा.