महिला विद्यापीठाकडून काय मागायचं?

बारावीचा निकाल लागला की चेंबूरमध्ये घरोघरी मुलीच्या कॉलेजची चर्चा सुरू होते. विषय कोणता घ्यायचा हा प्रश्न तिच्यात बराच उशिरा येतो. गाडी कुठे बदलावी लागेल, कॉलेज सकाळचं की दुपारचं, संध्याकाळी ती किती वाजता घरी येईल, फी किती, आणि कॉलेज फक्त मुलींचं आहे का, एवढं सगळं आधी विचारलं जातं. मुलाच्या वेळी यातले निम्मे प्रश्न कुणाला सुचतही नाहीत. टिळकनगरची म्हाडा वसाहत, घाटला गाव, सिंधी कुटुंबांचा चेंबूर कॅम्प, वाशीनाक्याच्या इमारती, इथली घरं निराळी, घरातल्या भाषा निराळ्या, पण मुलीविषयीचे प्रश्न सारखेच.

चेंबूरमध्ये कॉलेजांची वाण नाही. विवेकानंद एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालयं आहेत, आचार्य-मराठे महाविद्यालय आहे, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तरीही काही मुली घाटकोपरच्या पी. एन. दोशी महिला महाविद्यालयात जातात, काही माटुंग्याच्या डॉ. बी.एम.एन. कॉलेज ऑफ होम सायन्समध्ये. काही हार्बरने थेट सीएसएमटी गाठून पुढे न्यू मरीन लाइन्सकडे चालू लागतात, तर काही जुहूच्या आवारात जातात. या सगळ्या वाटा एकाच विद्यापीठाकडे जातात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं एसएनडीटी.

आज मुली सगळीकडे शिकतात. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातल्या ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या. मग वेगळं महिला विद्यापीठ हवं कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला ‘सुरक्षिततेसाठी’ एवढं उत्तर पुरेसं नाही. माझं उत्तर असं की बहुतेक ठिकाणी मुलगी आधीच ठरलेल्या व्यवस्थेत प्रवेश घेते, आणि महिला विद्यापीठात व्यवस्थाच तिचं आयुष्य पाहून आखता येते. मात्र तिचं प्रत्यक्ष आयुष्य पाहणं वेगळं आणि समाजाने तिला नेमून दिलेलं आयुष्य पाहणं वेगळं. या विद्यापीठाचा शतकभराहून मोठा इतिहास मला हा फरक ओळखत जाण्याचा इतिहास वाटतो.

धोंडो केशव कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. हिंगण्याचा आश्रम त्यांनी उभा केला होता, मुलींसाठी महिला विद्यालय चालवलं होतं. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली, तेव्हा ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले होते. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी भारतातही असं विद्यापीठ हवं, ही कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी ते सुरू झालं. रा. गो. भांडारकर कुलपती, रँग्लर र. पु. परांजपे कुलगुरू, आणि पहिल्या वर्गात विद्यार्थिनी पाच. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं. १९२१ साली पहिल्या पाच पदवीधर बाहेर पडल्या. १९३६ मध्ये मुख्यालय मुंबईत आलं आणि कायद्याने मान्यता मिळाली ती १९५१ मध्ये. म्हणजे पहिली पस्तीस वर्षं हे लोकवर्गणीवर आणि देणग्यांवर चाललेलं एक छोटं खासगी विद्यापीठ होतं. त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती.

त्या पस्तीस वर्षांतल्या विद्यार्थिनींचा विचार मनात आला की मी थांबते. सरकारी नोकरीच्या दारात जी पदवी चालत नाही, तिच्यासाठी घरच्यांशी भांडून वर्षानुवर्षं अभ्यास करायचा, याला केवढी जिद्द लागली असेल! कर्व्यांनी त्यांच्या वाटेतले अडथळे नेमके ओळखले होते. मुलींना इंग्रजी माध्यमातून शिकावं लागलं, तर निम्मी शक्ती भाषेतच खर्च होते, म्हणून शिक्षण मातृभाषेतून. पण इंग्रजी विषय सक्तीचा, कारण बाहेरच्या ज्ञानाचं दार त्यांना बंद होऊ द्यायचं नव्हतं. इंग्रजी ऐच्छिक असावी असं गांधीजींचं मत होतं, कर्वे मात्र आपल्या निर्णयावर ठाम राहिले. घरी अभ्यास करून परीक्षेला बसण्याची सोयही या विद्यापीठाने पुष्कळ आधीपासून दिली. ज्या बाईला रोज वर्गात येणं शक्य नाही, तिचाही विद्यापीठावर हक्क आहे, हा विचार त्यामागे होता. सत्तरी उलटल्यावर निधी गोळा करायला कर्वे युरोप, अमेरिका, जपान फिरले, पुढे पूर्व आफ्रिकेतही गेले. या माणसाच्या निष्ठेपुढे नतमस्तक व्हावं.

त्यांच्या विचाराची मर्यादाही तितक्याच आदराने सांगायला हवी. बहुतेक स्त्रिया पत्नी आणि माता होणार, तेव्हा त्यांचं शिक्षणही त्या कामाला उपयोगी पडणारं असावं, अशी त्यांची मांडणी होती. गृहशास्त्र, आरोग्य, मानसशास्त्र यांना अभ्यासक्रमात मानाचं स्थान मिळालं ते याच भूमिकेतून. कर्वे फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले त्या सुरुवातीच्या काळात तिथे प्राचार्य होते आगरकर. स्त्रीपुरुषांना एकच शिक्षण द्यावं आणि तेही एकत्र द्यावं, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. महाराष्ट्रातला हा वाद खरा होता आणि अजून संपलेला नाही. कर्व्यांनी मुलीचे अडथळे अचूक पाहिले, तिचं क्षितिज मात्र त्या काळाच्या घराने आखलेलं मान्य केलं. आगरकरांनी क्षितिज पाहिलं. पण समान दार उघडलं तरी त्या दारापर्यंत पोचणं समान नसतं. कुर्ल्याला गाडी बदलणाऱ्या मुलीच्या घरी आजही पडणारे प्रश्न त्याची साक्ष देतात. महिला विद्यापीठ चांगलं चालवायचं, तर या दोघांचंही ऐकावं लागतं.

आणि या विद्यापीठाने ते ऐकलं, हीच त्याच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. बर्लिनहून मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेल्या इरावती कर्वे १९३१ ते १९३६ या काळात त्याचा कारभार पाहत होत्या. हंसा मेहता त्याच्या कुलगुरू झाल्या. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी असताना त्यांनी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमातल्या पुरुषवाचक शब्दाला हरकत घेतली आणि तिथे ‘सर्व मानव’ असा अर्थ पक्का करून घेतला. १९७४ मध्ये नीरा देसाईंच्या पुढाकाराने एसएनडीटीत स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं राहिलं, देशातलं अशा प्रकारचं पहिलं. १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. घरकामाचं मोल कोण ठरवतं, बाईच्या श्रमाची नोंद का होत नाही, कुटुंबात सत्ता कुणाच्या हाती असते, हे प्रश्न आता संशोधनाचे विषय झाले. जी संस्था स्त्रीला उत्तम गृहिणी करण्याच्या हेतूने निघाली, तिच्याच आवारात ‘गृहिणी’ या भूमिकेची चिकित्सा सुरू झाली. स्वतःच्या पायाभूत कल्पनेला प्रश्न विचारण्याची मोकळीक आपल्याच माणसांना देणं, हे खऱ्या विद्यापीठाचं लक्षण आहे.

गृहविज्ञानाचंच पाहा. बाहेरच्यांना अजून वाटतं की तिथे मुली स्वयंपाक आणि शिवण शिकतात. प्रत्यक्षात पोषणशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र, संसाधन व्यवस्थापन अशा शाखांतून आज आहारतज्ज्ञ, समुपदेशक, अन्नप्रयोगशाळांतल्या तंत्रज्ञ तयार होतात. घराच्या चार भिंतींसाठी म्हणून आखलेला विषय सार्वजनिक झाला. चेंबूरच्या मुलीला तर त्याचा अर्थ फार जवळून कळू शकतो. चेंबूरनंतरचं स्थानक गोवंडी, त्यापुढे मानखुर्द. हा सगळा एम-पूर्व विभाग. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात तो शहरात तळाला होता. पोषणाच्या तासाला वाढीचा तक्ता भरायला शिकलेली विद्यार्थिनी गोवंडीच्या अंगणवाडीत जाऊन तोच तक्ता खऱ्या मुलांच्या वजनांनी भरते, तेव्हा कमी वजनामागे पाणी, शौचालय, आईची मजुरी आणि घराचं भाडं उभं आहे, हे तिला दिसतं. पुस्तकातलं ज्ञान आणि एका स्थानकावरचं वास्तव यांची अशी गाठ घालून देणं हे अभ्यासक्रमाचं पहिलं काम असायला हवं. ते प्रकल्पाच्या फाइलपुरतं उरलं, तर मुलीचाही तोटा आणि वस्तीचाही.

फक्त मुली असलेल्या वर्गात आणखी एक गोष्ट घडते. मिश्र वर्गातल्या गटप्रकल्पात कामाची वाटणी कशी होते, हे शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. यंत्राला हात मुलं घालतात आणि सुबक अक्षरात वही मुली लिहितात, असं अनेकदा होतं. कुणी तसं ठरवलेलं नसतं, सवयीने होऊन जातं. जुहूच्या उषा मित्तल तंत्रज्ञान संस्थेत मात्र सोल्डरिंगही मुलीलाच करायचं असतं, प्रोग्राममधली चूकही तिलाच शोधायची असते, आणि बिघडलेल्या प्रोजेक्टरपाशी खुर्चीवर तीच चढते. विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष ती, भांडणारी ती आणि समेट करणारीही ती. चार वर्षं हे केल्यावर ‘हे माझं काम नव्हे’ हा विचार मनात रुजायला जागाच राहत नाही.

यावर आक्षेप असा की बाहेरचं जग मिश्र आहे, मग मुलींना वेगळं ठेवून काय साधणार? विद्यापीठ नुसता आडोसा असेल, तर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पुष्कळ पालक ‘मुलींचं कॉलेज आहे, काळजी नाही’ एवढ्याच कारणाने परवानगी देतात. त्यांची भीती हे अनेक मुलींसाठी प्रवेशाचं दार ठरतं, आणि ते दार वापरण्यात कमीपणा नाही. पण त्या भीतीला विद्यापीठाने आपलं धोरण करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांत स्पष्ट म्हटलं आहे की सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादू नयेत. महिला विद्यापीठांत हा नियम सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून पाळला गेला पाहिजे. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडं ठेवा, येण्याजाण्याची सोय करा, तक्रार समिती खरोखर चालवा. दार लवकर बंद करणं हा सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि त्याची किंमत मुलगी आपल्या अभ्यासाच्या तासांनी चुकवते.

पैशाचा प्रश्नही इथेच येतो. २०२४ च्या जुलैत राज्य सरकारने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. हा मोठा निर्णय आहे. पण शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. पास, पुस्तकं, लॅपटॉप, आणि घरची धुणीभांडी उरकून उरणारा वेळ, यांची माफी कुठल्या शासन निर्णयात नसते. शिकवणाऱ्यांकडेही पाहायला हवं. राज्यभर कितीतरी महाविद्यालयांत अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. तास संपला की दुसऱ्या कॉलेजची गाडी पकडायची. छोट्या संस्थेचं खरं बळ असं की प्राध्यापिकेला विद्यार्थिनीचं नाव ठाऊक असतं, ती दोन दिवस आली नाही तर विचारपूस होते. ज्या बाईंची स्वतःची नोकरी पुढच्या सत्रात असेल की नाही ठाऊक नाही, त्यांच्याकडून हे किती काळ मागायचं? पाच विद्यार्थिनींच्या वर्गातून उभ्या राहिलेल्या संस्थेला माणसाचं माणसाकडे लक्ष असण्याची किंमत सांगायला नको.

म्हणून विद्यापीठ निवडताना आईवडिलांनी वेळ, अंतर, फी जरूर पाहावी, आणि मग आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. इथे मुलीला मराठीतून नीट विचार करायला आणि इंग्रजीतून जगाचं वाचायला दोन्ही शिकवतात का? लग्नाने, बाळंतपणाने किंवा नोकरीने शिक्षण सुटलेली बाई पस्तिसाव्या वर्षी परत आली, तर तिला खिडकीवरून हाकलतात की तिच्यासाठी खुर्ची ओढतात? आणि इथली विद्यार्थिनी या संस्थेच्याच एखाद्या नियमाविरुद्ध उभी राहिली, तर तिचं ऐकून घेतात का? पहिल्या प्रश्नात कर्व्यांचा भाषेचा विचार आहे, दुसऱ्यात घरी राहून शिकणाऱ्यांविषयीची त्यांची आस्था आहे आणि तिसऱ्यात नीरा देसाईंनी या विद्यापीठाला लावलेलं वळण.

तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील, तर ते विद्यापीठ लहान आहे, त्याचं नाव क्रमवारीत खाली आहे, याची फिकीर करू नये. आणि मुलींनीही तिथे पाहुण्यासारखं राहू नये. ही जागा तुमच्यासाठी आखायचं वचन देऊनच उभी राहिली आहे. ते वचन पाळलं जातंय का, हे पाहण्याचा, नसेल तर मागून घेण्याचा आणि गरज पडली तर ते नव्याने लिहिण्याचा अधिकार तुमचा आहे.