नववी गोळी संपल्यावर

अमेरिकेत अर्धशिशीवर सुमाट्रिप्टान घेणाऱ्या रुग्णाला विमा कंपनी बरेचदा महिन्याला नऊच गोळ्या मंजूर करते. डॉक्टरांनी जास्त लिहून दिल्या, तरी पुढच्या गोळ्यांचा दावा फार्मसीच्या काउंटरवरच नाकारला जातो. मग पदरचे पैसे घालायचे, नाहीतर दुखणे सोसायचे. हा नऊचा आकडा हवेतून आलेला नाही. तीन महिन्यांहून जास्त काळ, महिन्यातले दहा किंवा अधिक दिवस या ट्रिप्टान वर्गातले औषध घेतले, तर औषधामुळेच डोके दुखू लागते, हे वैद्यकाला ठाऊक आहे. शिवाय विम्याचा पैसा सगळ्यांचा. एकासाठी हात सैल सोडला की हप्ता सगळ्यांचाच वाढतो. म्हणून मर्यादा घालणेच मुळात अन्यायाचे, असे मला म्हणवत नाही. पण वैद्यक दिवस मोजते आणि विमा गोळ्या मोजतो. पहिल्या गोळीने डोकेदुखी उतरली नाही, तर दोन तासांनी दुसरी घ्यावी लागते, आणि पाच दिवसांच्या दुखण्यातच नऊ गोळ्या संपतात. नियमामागचे कारण खरे असते, तरी नियम त्या कारणापासून असा सुटतो. अशा वेळी नियम चुकला हे सिद्ध करण्याचे ओझे कोणी वाहायचे, हा नीतीचा प्रश्न आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात याचा विचार केला आहे. कायदा सर्वसाधारण भाषेतच बोलू शकतो, म्हणून काही प्रसंगी तो चुकणारच. तिथे कायदा करणारा स्वतः हजर असता तर काय म्हणाला असता, ते ओळखून दुरुस्ती करणे हाही न्यायच आहे. त्यासाठी त्याने लेस्बॉस बेटावरच्या गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाकते. मला यातले महत्त्वाचे वाटते ते असे, की वाकणे हे पट्टीचे काम आहे, दगडाचे नाही.

दगडालाच वाकायला लावले की काय होते, हे अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने दाखवले. 1981 मध्ये तिथल्या मेडिकेडने, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्ययोजनेने, एका रुग्णाला महिन्याला तीनच प्रिस्क्रिप्शन्सचे पैसे देण्याचा नियम केला. स्टीफन सुमेराय आणि सहकाऱ्यांनी त्याचे परिणाम तपासले. अनेक औषधांवर असलेल्या वृद्ध रुग्णांना नर्सिंग होममध्ये दाखल व्हावे लागण्याचा धोका जवळजवळ दुप्पट झाला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या बाबतीत मानसोपचारावरचा वाढीव खर्च औषधांतल्या बचतीच्या सतरा पट निघाला. अकरा महिन्यांनी नियम मागे घेतला, औषधे पुन्हा जवळजवळ पूर्वीइतकी सुरू झाली. पण नर्सिंग होममध्ये गेलेली माणसे बहुतेक घरी परतली नाहीत. सामायिक तिजोरी राखायची हा युक्तिवाद इथे पैशाच्या हिशेबातही टिकला नाही, आणि झालेले नुकसान मागाहून भरून देण्यासारखे नव्हते.

यावर कोणी म्हणेल, अपवाद मागण्याची सोय आहेच की. आहे. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, पार्ट डी या औषधयोजनेत डॉक्टरांचे निवेदन पोचल्यावर 72 तासांत, तातडीचे असेल तर 24 तासांत निर्णय द्यावा लागतो. पण निवेदन मिळवायचे, फोन करायचे, पाठपुरावा करायचा तो आजारी माणसाने किंवा आधीच कामाने वाकलेल्या डॉक्टरने, आणि तोवर औषध बंद. ज्याच्या अंगात भांडायची ताकद नाही त्याला हा हक्क कागदावरच राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ओपिऑइडचे, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचे, काय? व्यसनाने तिथे इतके बळी गेले, की 2019 पासून पार्ट डीमध्ये पहिल्यांदाच ओपिऑइड घेणाऱ्याला सात दिवसांपुरतेच औषध मिळते, आणि ते मला योग्य वाटते. तिथे जादा गोळीच जीव घेऊ शकते, म्हणून आधी चौकशी आणि मग औषध हा क्रम बरोबर. मात्र तिथेही सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेला 2022 मध्ये स्पष्ट सांगावे लागले, की आपल्या शिफारशी म्हणजे न वाकणारे नियम नव्हेत. रक्तदाबाची, फेफऱ्याची, मनोविकाराची औषधे या जातीची नाहीत. तिथे खंड पडणे हाच धोका आहे. म्हणून डॉक्टरांचा शब्द ग्राह्य धरून औषध चालू ठेवावे, आणि शंका असेल तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी विमा कंपनीने घ्यावी.