देहाची निगा व आत्म्याचा आनंद

ख्रिस्ती मनुष्याने आनंदी असावे, हे आपण उपासनेत पुष्कळदा ऐकतो आणि दुसऱ्यांसही सांगतो. परंतु ज्याचे मन काही केल्या आनंदी होत नाही त्याने काय करावे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यामुळे आपल्या मंडळ्यांतून एक मुके दुःख वावरत असते. एखादी बहीण पहाटे उठून पाणी भरते, स्वयंपाक करते, दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपते, रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खाते, आणि प्रार्थनेस गुडघे टेकले की तिचे डोळे मिटू लागतात. ती मनात म्हणते, माझा विश्वास थंड झाला. एखादा उपदेशक चार गावे फिरून येतो. त्यास रात्र रात्र झोप लागत नाही, वचन उघडावेसे वाटत नाही. आणि हे कोणास सांगावे, तर लोक म्हणतील की जो स्वतःच उदास तो आमचे सांत्वन काय करणार? तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. विश्वासणाऱ्याने उदास असणे हे पाप आहे काय? आणि देहाची काळजी घेणे ही विश्वासातली उणीव आहे काय? या दोहोंचा परस्परांशी निकट संबंध असल्यामुळे त्यांचा विचार एकत्रच करू.

पवित्र शास्त्रात या प्रश्नांचे उत्तर एका मनुष्याच्या वृत्तांतात दिलेले आहे. एलीया संदेष्टा हा काही दुबळ्या विश्वासाचा मनुष्य नव्हता. कर्मेल डोंगरावर बआलाच्या शेकडो संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला. त्याच्या प्रार्थनेवरून अग्नी उतरला आणि मग पाऊस आला. त्याच संध्याकाळी तो अहाब राजाच्या रथापुढे इज्रेलापर्यंत धावत गेला. नंतर ईजबेल राणीची धमकी ऐकून तो जीव घेऊन बैर-शेब्यास पळाला, आपल्या चाकरास तेथेच ठेवून एकटाच रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला, आणि आता मला मरण दे, अशी त्याने देवाजवळ मागणी केली. एवढा मोठा विजय मिळाल्यावर एवढी मोठी निराशा! आपण त्या जागी असतो तर त्यास काय म्हटले असते? बहुधा हेच, की अरे, कालचा चमत्कार आज विसरलास काय?

देवाने तसे काही म्हटले नाही. त्याने त्यास झोपू दिले. मग दूताने त्यास हलवून उठविले, तो उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचा कुंजा होता. तो जेवला आणि पुन्हा निजला. दूताने दुसऱ्यांदा उठविले आणि पुन्हा जेवू घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची होती. इतके झाल्यावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर गेला. तेथे त्यास देवाची मंद वाणी ऐकू आली, नवे काम मिळाले, आपण एकटे नाही हे कळले, आणि अलीशा हा सोबती लाभला. हा क्रम नीट ध्यानात घ्यावा. प्रथम झोप, मग अन्न, पुन्हा झोप, पुन्हा अन्न. त्यानंतर वाणी, कार्य आणि सोबत. झुडपाखाली असताना देवाने त्यास एकही दोष लावला नाही, आणि देहाची सोय होईपर्यंत आत्म्यास प्रश्न विचारला नाही. थकव्यास थकवा म्हणून ओळखणे हे देवास कमीपणाचे वाटले नाही. मग ते आपणांस का वाटावे?

यावर कोणी म्हणेल की देह तर मातीचा आहे, आज आहे उद्या नाही. त्याचे लाड कशास? आपल्या देशात देहास पिंजरा व आत्म्यास पक्षी समजण्याची रीत फार जुनी आहे, आणि ख्रिस्ती झाल्यावरही ती आपल्या मनातून जात नाही. परंतु आपला विश्वास तर असा आहे की देवाचा शब्द देही झाला. प्रभूस भूक लागली, तहान लागली, आणि वादळात नाव हेलकावत असता त्यास गाढ झोप लागली होती. शिष्य सेवा करून परत आले व लोकांच्या गर्दीत त्यांस जेवण्यासही सवड मिळेना, तेव्हा त्याने त्यांस एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितले. याईराच्या मुलीस मरणातून उठविल्यावर सारे घर विस्मयाने थक्क होऊन उभे होते. त्या वेळी तिला काही खावयास द्या, ही आठवण त्यानेच केली. पौलाने देहास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले; तीमथ्याच्या पोटाच्या विकाराकरिता औषधाचा उपाय त्यानेच लिहून कळविला; आणि देहास उगीच कष्ट देण्यात दिसणारे शहाणपण खरे नव्हे, असा कलस्सै येथील मंडळीस इशाराही त्यानेच दिला. ज्या देहाचे पुनरुत्थान होईल असे आपण विश्वासांगीकारात म्हणतो, त्या देहास आज तुच्छ लेखणे हे त्या अंगीकाराशी विसंगत आहे.

तथापि याच्या उलट एक दुसरी चूक आहे, आणि ती पहिलीइतकीच घातक आहे. ती अशी : देह निरोगी तर देव प्रसन्न, आणि देह रोगी तर विश्वास खोटा. अशी शिकवण देणारे लोक अलीकडे गावोगाव फिरतात. प्रार्थना झाली, आता औषधाच्या गोळ्या फेकून दे, असेही कोणी सांगतात. आणि भोळी माणसे तसे करून बसतात. क्षयरोगाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत बरे वाटू लागले म्हणून ते मध्येच सोडले, तर उरलेले जंतू त्या औषधास दाद देईनासे होतात, रोग बळावतो, आणि घरातल्या लेकरांसही त्याची बाधा होऊ शकते. यास विश्वास म्हणावयाचे की शेजाऱ्याविषयीची बेपर्वाई? जो देव प्रार्थना ऐकतो त्यानेच वैद्यास बुद्धी व वनस्पतीस गुण दिला. गोळी घेताना त्याचे उपकार मानावे. ती टाकून देऊन त्याची परीक्षा पाहू नये.

शिवाय खुद्द पौलाच्या देहात एक काटा होता. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, आणि तो काढला गेला नाही. त्याऐवजी कृपा मिळाली. मग त्याचा विश्वास खोटा होता काय? फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आनंदाचा उल्लेख वारंवार येतो, आणि ते पत्र त्याने बंदीत असताना लिहिले. त्याच पत्रात एपफ्रदीत नावाच्या सोबत्याची हकीकत आहे. तो आजाराने मरणास टेकला होता, आणि पौल उघडपणे लिहितो की तो बरा झाला ही देवाने माझ्यावरही दया केली, नाही तर माझ्या दुःखात आणखी दुःखाची भर पडली असती. आनंदाच्या पत्रात दुःखाची ही कबुली आहे! यावरून आपणांस कळते की ख्रिस्ती आनंद म्हणजे दुःख न वाटणे नव्हे, आणि रडू आवरून हसरे तोंड करणे तर मुळीच नव्हे. आपण धरून ठेवलेले नसून धरले गेलेले आहोत, ही जी खात्री, तिच्यातून हा आनंद उगवतो. तो शास्त्रात आत्म्याचे फळ म्हणून सांगितला आहे. फळास कोणी दटावून पिकवीत नाही. झाडास पाणी घालतात, मुळाशी माती ओढतात, आणि वाट पाहतात.

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहा. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. परंतु ख्रिस्ती धर्म हाती आला तरी ख्रिस्त स्वतः सापडला नव्हता, तो सापडण्यास पुढे सुमारे आठ वर्षे लागली, असे त्यांनी आपल्या साक्षीत सांगितले आहे. म्हणजे एवढ्या विद्वान व निष्ठावंत बाईंसही आनंदाची वाट पाहावी लागली. उपासमार काय असते हे त्या जाणून होत्या. तरुणपणी दुष्काळात आईबापांचा मृत्यू त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, आणि अन्नावाचून रस्त्यावर पडलेल्या मुलींस व विधवांस घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांस नुसता उपदेश मिळाला नाही. अन्न, वस्त्र, शिक्षण आणि हातास काम मिळाले. पुढे १९२१ साली त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई निवर्तली. तो घाव लहान नव्हता. तरी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराचे आपले काम त्यांनी सोडले नाही, आणि एप्रिल १९२२ मध्ये त्यांनी देह ठेवला. असा आनंद दुःखास नाकारीत नाही. दुःख सोबत घेऊन तो चालत राहतो.

आता आपल्या घरांकडे वळू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) असे आढळले की भारतातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांस रक्तक्षय आहे. अंगात रक्त कमी असले की धाप लागते, अंग गळून जाते, डोके दुखते, कशातही मन लागत नाही. आरंभी जिच्याविषयी लिहिले ती बहीण समजते की आपला आत्मा सुकला. कदाचित सुकले असेल ते तिचे रक्त. तिला आज उपदेशाआधी हिरवी भाजी, डाळ, आरोग्य केंद्रातील लोहाच्या गोळ्या व दोन घटका विसावा यांची गरज असेल. हे सारे तिच्याच माथी ‘स्वतःची काळजी घे’ म्हणून टाकणे सोपे आहे. परंतु ताटात उरतच नसेल तर तिने घ्यावे काय? म्हणून हा प्रश्न तिच्या एकटीच्या विश्वासाचा नाही, घरातील सर्वांच्या नीतीचा आहे. जो नवरा जेवणापूर्वी लांब प्रार्थना करतो आणि बायकोच्या वाट्यास काय उरले हे पाहत नाही, त्याची प्रार्थना अर्धी राहिली.

नहेम्याच्या काळी एज्रा शास्त्र्याने लोकांपुढे नियमशास्त्र वाचले, तेव्हा लोक रडू लागले. त्यांस सांगण्यात आले की रडू नका. जा, गोडधोड खा, आणि ज्याच्या घरी काही शिजले नाही त्यास वाटा पाठवा. आनंदाची आज्ञा आणि वाटा पाठविण्याची आज्ञा एकाच श्वासात दिली गेली. देवाचा आनंद हा ताटावर थांबत नाही, पण शेजाऱ्याचे ताट ओलांडूनही पुढे जात नाही.

ही गोष्ट जामखेडात प्रत्यक्ष दिसली. डॉक्टर रजनीकांत व डॉक्टर मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली त्या वेळच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील या दुष्काळी तालुक्यात काम आरंभिले. ते वैद्य होते, परंतु लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, अन्नाची व पाण्याची होती. ती त्यांनी ऐकली, आणि विहिरी, शेती व पोषण यांस दवाखान्याइतकेच महत्त्व दिले. खेड्यातील बायका, त्यांत कित्येक निरक्षर व समाजाने दूर ठेवलेल्या, त्यांस त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. परंतु पारितोषिकाहून मोठी गोष्ट ही की ज्यांस कोणी घरात घेत नसे, त्या बायका गावच्या बाळंतपणात व आजारात हक्काने बोलाविल्या जाऊ लागल्या. देहाची सेवा करता करता त्यांचे वाकलेले मान वर झाले. देह आणि आत्मा यांमध्ये आपण जी भिंत घालतो, ती तेथे उरली नाही.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नांचे उत्तर असे की उदासी हे स्वतः पाप नव्हे, आणि देहाची निगा ही विश्वासातली उणीव नव्हे. मंडळीच्या वडिलांनी व उपदेशकांनी यापुढे एवढे करावे. कोणी उदास दिसला, तर त्याच्या पापाची चौकशी करण्यापूर्वी त्याच्या झोपेची, जेवणाची व प्रकृतीची चौकशी करावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व कामातील गोडी हरपली असेल, किंवा एलीयाप्रमाणे कोणास जीव नकोसा झाला असेल, तर त्यास एकटे सोडू नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी आणि त्यास डॉक्टरांकडेही न्यावे. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मनाच्या आजारास औषध घेण्यात लाज नाही, जशी मोडलेल्या हाडास फळी बांधण्यात नाही. उपदेशकानेही आठवड्यातून एक दिवस खरोखर विसावा घ्यावा. ज्याने सहा दिवसांत सृष्टी केली त्यानेही सातवा दिवस राखून ठेवला.

आणि ज्या भावास वा बहिणीस आज प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत, तिने अगर त्याने भिऊ नये. आज जेवावे, निजावे, आणि कोणी सोबत देऊ केली तर ती नाकारू नये. होरेबाची वाट लांब आहे, हे देवास ठाऊक आहे. म्हणूनच भाकर तो आधी पाठवितो, आणि बहुधा ती तुमच्या-आमच्या हातून पाठवितो. ती वेळेवर पोहोचविणे, हे आपल्या मंडळीचे काम आहे.