भाकरीसाठी वेळ कुठून आणायचा?

कामगारांच्या खाण्याचा विषय निघाला की पहिला ठपका त्यांच्या जिभेवर येतो. घरचं सोडून बाहेरचं खातात, म्हणून साखर वाढते, असं डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रांतले आरोग्याचे स्तंभ सांगतात, कंपनीतल्या शिबिरांचे फलकही तेच सांगतात. पिंपरी-चिंचवडपासून चाकण-महाळुंग्यापर्यंतच्या पट्ट्यात हे निदान मला अपुरं वाटतं आणि अन्यायाचंही. इथला तरुण काय खाणार, हे त्याच्या आवडीनिवडीच्या आधीच ठरलेलं असतं. शिफ्ट किती वाजता सुरू होते, खोलीत शेगडी आहे का, आणि त्याचं नाव कंपनीच्या हजेरीपटावर आहे की ठेकेदाराच्या, यावर ते ठरतं.

नाणेकरवाडी, खराबवाडी, निघोजे, कुरुळी ही एकेकाळची बाजरी-कांद्याची गावं. आता शेतांच्या जागी एकाला एक लागून खोल्या उभ्या आहेत. एका खोलीत चार-पाच जण. लातूर, बीड, नांदेडची मुलं, बुलढाणा-यवतमाळची, शिवाय बिहार आणि ओडिशाची. कुठे कुठे ‘कॉट बेसिस’वर नुसती झोपायची जागा मिळते. एक जण नाईट करून येतो तेव्हा दुसरा फर्स्टला निघालेला असतो. गॅसची जोडणी नाही. छोटा सिलिंडर भरून आणायचा तर तो महाग पडतो, आणि ज्याच्या पाळीला स्वयंपाक येईल त्याची शिफ्ट आठवड्याला बदलते. पहाटे बस चुकली की खाडा. संध्याकाळी सुटल्यावर तळेगाव चौकातल्या कोंडीत वेळ जातो तो वेगळाच. चाकणच्या वाहतूक कोंडीबद्दल गेली अनेक वर्षं ओरड चालू आहे, पण ती किती माणसांचं रात्रीचं जेवण खाते, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

अशा माणसाच्या हाती सकाळी वडापाव किंवा पोहे येतात, दुपारी पुन्हा काहीतरी तळलेलं, आणि रात्री गाडीवरचा शेजवान राईस नाहीतर भुर्जीपाव. नाईटला झोप येऊ नये म्हणून एनर्जी ड्रिंकची बाटली. वडापावावर माझा राग नाही. बटाटा, बेसन, मैदा, तेल आणि मीठ, एवढ्या सामानात तो उभ्या उभ्या, स्वस्तात पोट भरतो, आणि तो तळणारा माणूसही बहुधा याच गर्दीतला, असाच कुठून तरी पोटासाठी आलेला असतो. मधल्या वेळचं खाणं तिन्ही वेळचं जेवण होऊन बसलं, हा खरा बिघाड आहे. ताटातून डाळ-उसळ गेली, पालेभाजी गेली, ताक गेलं. तेच तेल दिवसभर उकळत राहतं. तळणीच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून आहे. तो चौकातल्या कढईपर्यंत पोहोचवायची जबाबदारी गाडीवाल्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून चालणार नाही.

या खाण्याची किंमत याच शरीराला जास्त का मोजावी लागते, याचं उत्तर इथून फार लांब नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांचं ३.५ किलो. पण त्या किडकिडीत बाळांमध्ये स्नायू कमी होते आणि चरबी त्या मानाने टिकून होती. वरून बारीक, आतून चरबीचं, असं हे शरीर आहे. याज्ञिकांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के.

सहा गावांच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. बाळाच्या वाढीचा संबंध आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा तिला पालेभाजी, फळं आणि दूध किती मिळालं याच्याशी जास्त होता. म्हणजे चाकणच्या लाईनवर उभ्या असलेल्या तेवीस वर्षांच्या पोराचा मधुमेह त्याच्या वडापावातच सुरू होतो असं नाही. त्याची पाळंमुळं त्याच्या आईच्या ताटात असू शकतात. कमी पोसलेलं शरीर अचानक मैदा, साखर आणि तेलाच्या हाती सापडतं, त्यात रात्रपाळीने झोपेची आणि जेवणाची घडी मोडते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे साडेतेरा कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

इथेच ‘आपलं जुनं तेच चांगलं’ म्हणणाऱ्यांशी माझा वाद सुरू होतो. ज्वारी-बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, तांदुळजा, शेपू, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, हा आहार उत्तमच. पण तो सगळ्यांना, बारा महिने, पोटभर कधी मिळाला? १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, खाल्ला आणि रोजगाराच्या कामांवर सुकडीचा पूरक खाऊ वाटून घेतला. ज्या ताटाचे आपण गोडवे गातो ते ताट पहाटे चारला उठून चुलीपुढे बसलेल्या बाईच्या कष्टांवर उभं होतं, आणि त्यातलं सगळ्यात कमी तिच्याच वाट्याला यायचं. आज ती बाई गावी आहे, किंवा स्वतःच भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये पॅकिंगला उभी आहे. तिला पुन्हा चुलीपुढे बसवून हा प्रश्न सोडवायचा असेल, तर तो न सुटलेला बरा.

मजुराचं ताट मालकाच्या सोयीने कसं ठरतं, यासाठी कॅरिबियन बेटांचा इतिहास इथे आठवतो. तिथली चांगली जमीन मळेवाल्यांनी उसाखाली घातली आणि मजुरांनी बाहेरून आलेलं पीठ आणि खारवलेले मासे खाल्ले. १८४५ मध्ये ‘फतेल रझाक’ जहाजातून हिंदुस्थानी मजूर त्रिनिदादला उतरले, तेही याच मळ्यांवर गेले. कोनफळ, अळकुड्या, कसावा या जमिनीतल्या पिकांवर जगलेल्या या बेटांत पुढे तळलेली कोंबडी आणि गोड पेयं आली, आणि मधुमेह घरोघरी पोहोचला. मात्र तिथल्या सरकारांनी या दुखण्याला राजकारणात जागा दिली. सप्टेंबर २००७ मध्ये त्या प्रदेशातल्या देशांचे प्रमुख केवळ असंसर्गजन्य आजारांसाठी पोर्ट ऑफ स्पेनला एकत्र बसले. बार्बाडोसने २०१५ मध्ये गोड पेयांवर १० टक्के कर लावला आणि २०२२ मध्ये तो दुप्पट केला. तेवढ्याने आजार हटला नाही, हे खरं. पण माणूस काय खातो हा सरकारचा विषय आहे, हे तिथे मान्य झालं.

आपल्याकडे ते मान्य झालं होतं, पण टिकलं नाही. १९९५ मध्ये आलेल्या शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची योजना काढली. कल्पना चांगली होती. पण अनेक केंद्रांत झुणका-भाकर नावापुरती उरली आणि वडे-भजी विकली जाऊ लागली. शेवटी योजनाच गुंडाळली गेली. २६ जानेवारी २०२० ला सरकारची शिवभोजन थाळी आली, दहा रुपयांत: दोन चपात्या, भाजी, वरण, भात. गरिबाला गरम जेवण मिळालं याचं मोल मी कमी करत नाही. पण पंचवीस वर्षांत सरकारी ताटातून भाकरी गेली, आणि तिच्याबद्दल कुणी विचारलंही नाही.

भाकरी मोठ्या प्रमाणावर करता येत नाही, ती गरमच खावी लागते, टिकत नाही, अशी कारणं कँटीनचे ठेकेदार देतात. सोलापूरच्या बायकांनी त्याला केव्हाच उत्तर दिलं आहे. तिथली ज्वारीची कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, पाकिटातून गावोगाव जाते, आणि तिच्यावर बचतगटांची घरं चालतात. घट्ट आमटीत चुरून, वर कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन ती नाईटच्या जेवणाच्या सुट्टीत सहज खाता येईल. मग ती चाकणच्या कँटीनमध्ये का नाही? माझ्या मते, कारण तिथे काय शिजावं हे खाणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आणि विचारायची तरतूद कायद्याने फार पूर्वीच केली होती! १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात कँटीनची तरतूद होती, आणि त्या कँटीनच्या व्यवस्थापन समितीत कामगारांचे प्रतिनिधी असावेत अशीही. त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या कामगार संहितेत ही मर्यादा १०० वर आली आणि ठेक्यावरचे कामगारही त्यात मोजायचे ठरले. प्रश्न उरतो तो शंभराच्या आतल्यांचा. भोसरी, चिखलीच्या शेडमध्ये तीस-चाळीस माणसं मोठ्या कंपन्यांचे सुटे भाग घडवतात. कायद्याच्या लेखी त्यांच्या जेवणाची जबाबदारी कुणावरच नाही. मोठ्या कंपनीतला कायम कामगार करारामुळे नाममात्र दरात जेवतो. त्याच गाडीचा भाग बनवणारा दुसरा माणूस गेटबाहेरच्या टपरीवर उभा असतो.

म्हणून औद्योगिक विकास महामंडळाने आणि महापालिकेने प्रत्येक ब्लॉकमध्ये सामाईक कँटीनसाठी भूखंड द्यावा, आसपासच्या लहान कारखान्यांकडून वर्गणी घ्यावी आणि कँटीन चालवायला महिला बचतगटांना रास्त मजुरीवर द्यावं. हा खर्च भागणार नाही असं सांगणाऱ्यांनी संत तुकारामनगरच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जाऊन बाह्यरुग्ण विभागाची रांग पाहावी.

पहिलं पाऊल मात्र कामगार संघटनांनी टाकायला हवं. पगारवाढीच्या मागणीपत्रात बोनस असतो, शिफ्ट भत्ता असतो, बस असते. पुढच्या मागणीपत्रात एक कलम वाढवा: ठेक्यावरच्या आणि शिकाऊ कामगारांना त्याच कँटीनमध्ये, त्याच दरात, तेच जेवण, आणि त्या जेवणात रोज एक उसळ, एक पालेभाजी आणि भाकरी. कँटीनच्या समितीत आपली माणसं आहेत. पुढच्या बैठकीत त्यांनी हा विषय मांडावा.