सात हजार कोठे होते?

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९



कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी उतरला, तोच एलीया पुढच्याच अध्यायात रानात रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो, हे वाचून पुष्कळांस नवल वाटते. ज्यांनी पाळकाच्या घरी चार दिवस मुक्काम केला आहे, त्यांस ते वाटणार नाही. आपला चाकर त्याने बैर-शेबा येथे ठेविला आणि एक दिवसाची वाट तो एकटाच चालला. थकलेला सेवक प्रथम सोबत सोडतो.

देवाने काय केले? दूताकरवी बोध केला नाही, विश्वास उणा पडला म्हणून दोष लाविला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाणी उशाशी ठेविले. त्यास जेवू दिले, पुन्हा निजू दिले, आणि पुन्हा उठवून जेवू घातले. होरेबावरील प्रश्न चाळीस दिवसांनंतरचा. आम्ही मंडळीतले लोक हा क्रम उलटा करतो. प्रश्न आधी विचारतो, आणि भाकर बहुधा विसरतो!

बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार इस्राएलात होते, असे देव त्यास सांगतो. त्यांपैकी एकही भाकर घेऊन रानात गेला नाही. दूतास जावे लागले. असे करणे अशक्य होते काय? आदल्याच अध्यायात ओबद्याने शंभर संदेष्टे गुहांत लपवून त्यांस अन्नपाणी पुरविले होते, तेही राजाच्या चाकरीत राहून.

नाशिकच्या गंगापूर रोडपासून जवळच गोदाकाठी जलालपूर गाव आहे. तेथे १८६८ साली लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या. रे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, बाईंचा १९०० साली. टिळकांची भजने आपण गातो. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचावे, म्हणजे घरची चूल कोणी पेटती ठेविली ते कळते. टिळक हातचा पैसा वाटून टाकीत, आणि घरी पाहुणे व पोरकी मुले असत. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, तेव्हाही प्रपंच बाईंनीच ओढला. प्रत्येक पाळकास अशी सहधर्मिणी लाभेल व तिची शक्ती कधी सरणार नाही, असे धरून चालणे हा मंडळीचा अन्याय होय.

आज त्याच गंगापूर रोडवर महाविद्यालये आहेत. आपली मुले तेथे खोली घेऊन शिकतात, मोबाईलवर नामांकित वक्त्यांची प्रवचने ऐकतात आणि सुटीत गावी येऊन आपल्या पाळकाचे माप काढतात. तो बिचारा मोटारसायकलीवर चार गावे करितो. आजारी माणसास दवाखान्यात नेणे, भाऊबंदकी मिटविणे, शाळेसाठी दाखला देणे, सारे त्याच्याच गळ्यात. मध्यरात्री फोन वाजतो तोही त्याचाच. उपदेशक बंधूंची स्थिती याहून निराळी नाही, आणि त्यांची विचारपूस तर त्याहून कमी होते.

यास्तव आमची विनंती अशी. येत्या सुगीपूर्वी पंचांनी एक बैठक पाळकास न बोलाविता घ्यावी. गेल्या वर्षात त्यास सलग किती दिवस विश्रांती मिळाली, पगार कोणत्या तारखेस पोचला, तो आजारी असता भेटीस कोण गेले, हे पाळकीणबाईंस विचारून लिहून काढावे. मग दोन रविवारची उपासना वडिलांनी चालवावी; उपदेशकाची पाळी पुढच्या महिन्यात धरावी. पाळकास कुटुंबासह गावाबाहेर जाऊ द्यावे आणि त्या दिवसांत कोणीही त्यास फोन करू नये. मयत झालीच, तर शेजारच्या गावच्या पाळकास आधीच सांगून ठेविलेले असावे.