ढोलकीच्या नावावर दोन हजार

गेल्या माघात एका संध्याकाळी अण्णा घरी आले. चहा झाला, तरी उठेनात. मग हळूच म्हणाले, "बुवा, तुमच्या वहीत माझं नाव असंल ना?"

ज्येष्ठ कलावंतांना राज्य सरकार महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं, त्याचा अर्ज त्यांना भरायचा होता. वय ५० च्या पुढे हवं, कलेत किमान १५ वर्षं गेलेली हवीत आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० च्या आत हवं. अण्णा २००८ पासून माझ्या भक्तिगीतांच्या संचात ढोलकी वाजवतात, त्याआधी तमाशाच्या फडात होते. एवढं आयुष्य वाजवून त्यांच्याकडे एक कागद नाही. कार्यक्रमांचं मानधन दिल्याची कुठं नोंद असेल तर ती जोडा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. अशी नोंद जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या कपाटात.

"बघतो" म्हणालो. ते गेल्यावर २०१७-१८ ची वही काढली. त्या वर्षी अण्णांनी माझ्याबरोबर ४० कार्यक्रम केले. प्रत्येक तारखेपुढे माझ्याच अक्षरात लिहिलंय: ढोलकी, रोख, २,०००. मी त्यांना देत होतो १,२००.

खरा हिशेब ४८,००० चा. वही सांगते ८०,०००. खऱ्या आकड्याने अण्णा योजनेत बसतात, माझ्या वहीने बसत नाहीत. ही वही मी त्यांच्या हातात देऊ शकत नव्हतो. का देऊ शकत नाही, तेही त्या दिवशी सांगू शकलो नाही.

आता स्वतःला नीट विचारतो, हे मी का केलं? हे सुरू केलं त्या वर्षी माझं निव्वळ उत्पन्न साडेतीन ते पाच लाखांच्या मधलं होतं आणि त्या टप्प्यावर ५ टक्के कर होता. खर्च वाढवून दाखवला की नफा कमी दिसतो, एवढंच मला कळत होतं. अण्णांच्या नावावर वर्षाला ३२,००० रुपये जास्त लिहिले. त्यावर माझे वाचले १,६०० रुपये, उपकर वेगळा. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच. २०१९-२० पासून पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्यावर आला. खरं लिहिलं असतं तरी मी त्या मर्यादेतच होतो. म्हणजे त्या वर्षापासून खोट्याचा मला एका पैशाचाही उपयोग नव्हता. तरी मी लिहीत राहिलो. महामारीची दोन वर्षं जत्राच भरल्या नाहीत, ती सोडली तर २०२४-२५ पर्यंत प्रत्येक हंगामात 'ढोलकी, रोख, २,०००'. हाताला वळण पडलं होतं. या सवयीचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

कायदा आमच्यावर अन्याय करतो, असं मी पुष्कळदा बोललो आहे. ते खरं नाही. त्या वर्षांना लागू असलेलं १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ३७(१) साधं होतं: जो खर्च सर्वस्वी धंद्यासाठी झाला, खासगी नव्हता आणि भांडवली नव्हता, तो वजा होतो. पेटीचे सूर लावून घेणं, भाता दुरुस्त करणं, ढोलकीची नवी पुडी, टेम्पोचं डिझेल, साऊंडवाल्याचे पैसे, साथीदारांचं मानधन, सगळं यात बसतं. पेटी एकदम खर्चात धरता येत नाही, पण तिच्यावर दरसाल १५ टक्के घसारा मिळतो. फोन निम्मा घरासाठी आणि निम्मा कार्यक्रमांसाठी वापरला, तर निम्मं बिल. एकूण जमेची निम्मी रक्कमच नफा धरण्याची सोपी वाट ज्या व्यवसायांना आहे त्यांच्या यादीत गायक आहे, पण तो सिनेमाचा. जत्रेत गाणाऱ्याने स्वतःला त्यात बसवू नये. मात्र लोककलेच्या किंवा शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही. आमच्यासारख्यांचा विचार कुणीतरी केलेला आहे.

आणि हे हक्काचे खर्च मी लिहिलेच नाहीत. पेटीवाल्याकडून पावती घेतली नाही. भीमाशंकरच्या बाजूला रात्री-अपरात्री जाऊन यायचो, त्या डिझेलच्या चिठ्ठ्या खिशातच धुऊन निघाल्या. घसारा हा शब्द मला फार उशिरा कळला. खरे खर्च जपायचा कंटाळा केला आणि ती कसर खोट्याने भरून काढली. लेण्याद्री-ओझरला बायकापोरांना घेऊन गेलो, तेही 'कार्यक्रमासाठी प्रवास' म्हणून लिहिलंय. गणपतीच्या दारात जाऊन आलो आणि घरी येऊन हे लिहिलं. गाताना लोक पेटीवर नोटा ठेवतात, त्या तर मी कधीच जमेत धरल्या नाहीत. देवाच्या नावाचे पैसे म्हणायचो. देवाच्या नावाचे असते तर देवळाच्या पेटीत पडले असते. ते माझ्या गळ्याचे होते आणि उत्पन्नच होतं.

या सगळ्यात अण्णांची गोष्ट निराळी आहे. प्रवासाचं खोटं मी सरकारशी बोललो. अण्णांच्या नावापुढचं खोटं एका माणसाविषयी होतं. जे त्याला कधी मिळालं नाही ते मिळालं, असं मी लिहून ठेवलं आणि त्याला विचारलंही नाही.

मी लहानपणापासून नारायणगावात पाहत आलोय. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, सुपारी ठरते, विसार दिला जातो. त्या व्यवहाराखाली उचल असते: फडमालक सावकाराकडून घेतो, कलावंत फडमालकाकडून घेतो आणि पुढचा हंगाम आधीच विकला गेलेला असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर आमच्या गावच्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला आणि शेवटची वर्षं हलाखीत गेली. २००२ साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. हे सांगताना माझा गळा दाटतो, आणि तो खोटा दाटत नाही. पण हे सांगत होतो त्याच काळात माझ्या संचातल्या ढोलकीवाल्याला मी काय देतो आणि काय लिहितो, हे माझ्या ध्यानात येत नव्हतं. मी कुणाला उचलीत बांधलेलं नाही, याचा मला अभिमान होता. फडातल्या कलावंताला आपल्या नावावर किती उचल आहे ते तरी ठाऊक असतं. अण्णांना माझी वही कधी दिसलीच नाही.

घाटघरच्या एका कार्यक्रमानंतर सकाळी आम्ही नाणेघाटात गेलो होतो, अण्णाही होते. तिथं जकातीचा म्हणून दगडी रांजण दाखवतात. मी मात्र लेण्यातल्या भिंतीपाशी बराच वेळ उभा राहिलो. सातवाहन राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा कोरल्या आहेत: किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, आकड्यांसकट. दोन हजार वर्षांपूर्वी कुणाला काय दिलं, ते दगडात आहे. तेव्हा मी फक्त नवल केलं. शेजारी अण्णा उभे होते.

अण्णा विचारून गेल्यावर बरेच दिवस मी वाट शोधत होतो. नुसतं पत्र द्यावं, वर्षं लिहावीत, रकमेचा उल्लेख टाळावा. तसं पत्र चाललंही असतं. पण एका रात्री वही उघडी असताना वेगळंच दिसलं. ढोलकीवाल्याला एका कार्यक्रमाचे दोन हजार, हा आकडा मला सुचला कुठून? कुणाला शंका येऊ नये म्हणून मी तो रास्त वाटेल असा निवडला होता. म्हणजे रास्त मोबदला काय, हे मला ठाऊक होतं. वहीतला आकडा बरोबर होता, मी हातावर ठेवत होतो तो चूक होता. आठशे रुपये, चाळीस कार्यक्रम, सहा हंगाम: १,९२,००० रुपये. माझ्याच अक्षरात लिहिलेलं त्यांचं येणं.

ज्या दोन वर्षी कर खरोखर बुडाला, त्यांची विवरणपत्रं आता दुरुस्त करता येत नाहीत. मुदत चार वर्षांचीच असते. आणि अण्णांना हे पैसे आता दिले, तर ते खर्चात धरायचे नाहीत. ते मी एकदा धरून बसलो आहे.

चैत्राच्या आधी वह्या पिशवीत घालून मंचरच्या पुढे अण्णांच्या घरी गेलो. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. या हंगामापासून दोन हजार, मागचे एकदम जमणार नाहीत, दर हंगामाला थोडे थोडे देईन. आणि अर्जासाठी खऱ्या आकड्यांचं पत्र, माझ्या सहीचं, वहीत चुकीचं का लिहिलं त्या कबुलीसह. ते काही बोलले नाहीत. वही मांडीवर घेतली आणि २०१८ च्या पानांवरून बोट फिरवत राहिले. अक्षरं त्यांना फारशी लागत नाहीत, पण तारखा कळतात.

मग बोट थांबलं.

"बुवा, डिंभ्याच्या वरच्या गावची जत्रा यात नाही. पाऊस आला होता बघा, मी ढोलकी घोंगडीत गुंडाळून आणली होती."

ती मी लिहिलीच नव्हती. पैसे रोख होते. ते आत गेले आणि नातीचं पेन घेऊन आले. मी तारीख विचारली, त्यांनी सांगितली. समासात ती लिहिली, पुढे मिळालेली रक्कम आणि त्याखाली त्यांना दिलेली. मग त्यांनी पान उलटलं.